तात्या तळतात, आम्ही हसतो

फिलीकर | २१ ऑक्टोबर २०२४

मंडळी, काल तात्यांनी (म्हणजे डोनाल्ड ट्रम्प हो) आमच्या शेजारच्या काउंटीत येऊन बटाटे तळले.

गाव फीस्टरव्हिल, काउंटी बक्स, राज्य पेनसिल्व्हेनिया. दुकान मॅकडोनाल्डचं. पांढरा शर्ट, लाल टाय, वर एप्रन. ७८ वर्षांचे माजी राष्ट्राध्यक्ष फ्राइज भरायचं ते चोचवालं सुपडं हातात घेऊन उभे, आणि बाजूचा पोरगा त्यांना मीठ कसं भुरभुरायचं ते शिकवतोय. मग खिडकीतून पाकिटं वाटप. दुकान त्या दिवशी गिऱ्हाइकांना बंद होतं बरं का. खिडकीशी गाड्या घेऊन आलेली मंडळी आधीच निवडलेली, तपासलेली. थोडक्यात मुलाकडच्यांनी मुलाकडच्यांनाच पंगत वाढली आणि फोटोग्राफर दोन्हीकडचे बोलावले.

हे कशापायी? तर कमलाताई हॅरिस (तात्यांच्या समोरच्या उमेदवार) म्हणतात, १९८३च्या उन्हाळ्यात कॉलेजात असताना मी मॅकडोनाल्डमध्ये काम केलं. तात्या म्हणतात, झूठ. पुरावा? पुरावा काही नाही, पण म्हणतात. आणि काल पाव तास झाऱ्याशी उभं राहून जाहीर केलं, की कमलापेक्षा माझं काम आता पंधरा मिनिटं जास्त झालं. सासूनं वर्षातून एकदा कुकर लावून वर्षभर ऐकवावं, तसली गत.

त्याच्या आधीच्या सोमवारी, १४ तारखेला, ओक्सला प्रयोग होता. हे एक्स्पो सेंटर आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. आम्ही तिथे न्हाणीघराच्या फरशा बघायला गेलो होतो, त्यामुळे ऊर भरून आला. सभा म्हणजे प्रश्नोत्तरं. हॉलमध्ये उकाडा, दोन माणसं चक्कर येऊन पडली. तात्या म्हणाले, आता प्रश्न पुरे, गाणी लावा, प्रश्न कुणाला ऐकायचेत! आणि त्यानंतर सुमारे ३९ मिनिटं हा माणूस स्टेजवर उभा राहून डुलत होता. बोलणं नाही, चालणं नाही. शेजारी साउथ डकोटाच्या गव्हर्नर बाई, त्याही डुलतायत. गणपतीत मांडवापुढे रात्री दहानंतर 'शेवटचं एकच' म्हणत स्पीकरवाल्याला सोडत नाहीत ते काका आठवा. फरक एवढाच, की त्या काकांकडे अणुबॉम्बचं बटण नसतं.

नवीन लोकांसाठी: हे सगळे आमच्याच राज्यात का येऊन मरतात? समजा तुमच्या सोसायटीत अध्यक्ष निवडायचाय. पण मतं माणसांची नाही मोजायची, विंगची मोजायची. अ विंगमध्ये ५१ विरुद्ध ४९ झालं की अ विंगची सगळीच्या सगळी मतं ५१वाल्याच्या खिशात. कॅलिफोर्निया विंग कुणाची ते वॉचमनलाही ठाऊक, टेक्सास विंगचंही तेच. म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. उरल्या सात डळमळीत विंगा: पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, मिशिगन, अ‍ॅरिझोना, विस्कॉन्सिन, नेव्हाडा. एकूण मतं ५३८, जिंकायला २७० हवीत आणि आमची विंग १९ची, सातांत सगळ्यात मोठी. (मेन आणि नेब्रास्काचा हिशेब जरा वेगळा आहे. लगेच प्रतिसादात येऊ नका, मला ठाऊक आहे.)

परिणामी ऑगस्टपासून आमच्या पत्रपेटीत विजेचं बिल सापडत नाही. परवा एका दिवसात अकरा चकचकीत पत्रकं निघाली. सहांत कमलाताई देश बुडवणार होत्या, पाचांत तात्या. बायको ती अकराही पत्रकं खाली अंथरून मेथी निवडत बसली. एवढा गुळगुळीत कागद वर्तमानपत्राचा नसतो, म्हणाली.

धागा हसण्यासाठी आहे. तुम्हाला आवडलेला प्रयोग टाका. भक्तांनी हलके घ्या.

खवचट पुणेकर | २१ ऑक्टोबर

पहिला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

आमच्या कल्याणीनगरात त्यांच्या नावाचे दोन मनोरे आहेत. मनोरे बांधणारे वेगळे, राहणारे वेगळे, तात्यांचं फक्त नाव. पाटी लावून पैसे मिळवायची कला आम्हा पुणेकरांनाही जमली नाही हो. आम्ही इतकी वर्षं फुकट पाट्या लिहितोय.

एडिसनची मावशी | २१ ऑक्टोबर

फिलीकर, दंडवत! सासू-कुकरची उपमा मात्र परत घ्यावी. मी सासू आहे.

माझा आवडता प्रयोग जुना आहे. २०१६, ऑक्टोबर, इथेच एडिसनला. नणंदेनं पास आणले होते, म्हणाली बॉलिवूडचे नाच आहेत, चल. गेलो. एका नाचात जोडपी छान नाचतायत, मध्येच अतिरेकी घुसले, हातात लेझरचे दिवे. मग अमेरिकन कमांडो आले, अतिरेक्यांना लोळवलं आणि नंतर सगळे मिळून पुन्हा नाचले. मी नणंदेकडे बघतेय, नणंद माझ्याकडे. मग तात्या आले, दिवा लावला आणि म्हणाले, 'आय अ‍ॅम अ बिग फॅन ऑफ हिंदू'. हिंदूज नाही, हिंदू. एकच. तो एक हिंदू कोण हे आम्ही दोघी परतीच्या वाटेवर शोधत होतो. पुढे ती 'अब की बार ट्रम्प सरकार' जाहिरात आली. मास्तरांनी ओळीखाली ओळ गिरवायला लावावी, तसला उच्चार.

नणंदेनं २०१६ला मत त्यांनाच दिलं. २०२०लाही. यंदा विचारलं तर म्हणाली, वन्स, आधी डाळीचे भाव बघा. मी गप्प.

(ती मला वन्स म्हणते, मी तिला वन्स म्हणते. ते वेगळं महाभारत आहे.)

रांगेतला | २१ ऑक्टोबर

मी चौदा वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. कर भरतो, बर्फ उपसतो, ईगल्स हरले की रडतो. मत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझ्या अर्जाची तारीख २०१४ची आहे आणि या महिन्यात आमच्या वर्गाची गाडी जुलै २०१२वर उभी आहे. पण पत्रकं मलाही येतात. दोन्ही पक्षांना माझं मत हवंय, फक्त अमेरिकेला मी नकोय.

तात्या जूनमध्ये एका पॉडकास्टवर म्हणाले, की इथल्या कॉलेजातून पदवी घेतली की पदवीबरोबर ग्रीन कार्ड मिळायला हवं. आमच्या ऑफिसातल्या देसी टेबलावर दिवाळी झाली. काही तासांत त्यांच्याच प्रचारवाल्यांनी बारीक अक्षरात अटी जोडल्या: छाननी होईल, अमुक वगळले जातील, तमुक वगळले जातील. मी तरी पदवीची झेरॉक्स आणि भरलेला स्टेपलर गाडीत ठेवलाय. न जाणो, कुठल्या चौकात भेटतील.

माडाखालचा | २२ ऑक्टोबर

'तुम्ही काय नारळाच्या झाडावरून पडलात का?' असं कमलाताईंची आई म्हणायची. त्या वाक्यावर अमेरिकन पोरं सगळा जुलै नाचली, नारळाची चित्रं, हिरवे टी-शर्ट. त्यांना अर्थ कळत नव्हता म्हणून ते मजेशीर वाटलं. आम्हाला कळला. माझी आजी हेच 'आभाळातून टपकलायस काय' असं म्हणायची आणि त्यानंतर पाठीत धपाटा असायचा.

सडेतोड | २२ ऑक्टोबर

चालू द्या. मी टेक्ससमध्ये आहे, दोन ट्रक आहेत माझे, तिसरा विकला. मत तात्यांनाच देणार आणि लपवणारही नाही.

फिलीकर, तुम्ही छान लिहिता. पण तुमच्या अख्ख्या लेखात डिझेल कुठे आहे? विमा कुठे आहे? २०२२च्या जूनमध्ये महागाई ९.१ टक्के होती. नंतर ती खाली आली म्हणतात. अहो, दर खाली आला, भाव नाही खाली आले. वाढायचे कमी झाले इतकंच. हे साधं वाक्य तुमच्या ताईंना तीन महिन्यांत बोलता आलं नाही.

८ ऑक्टोबरला टीव्हीवर त्यांना फुलटॉस टाकला होता: बायडेनपेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतंत? उत्तर: काही सुचत नाही. बायांच्या कार्यक्रमात, स्वतःच्या घरच्या मैदानावर! तात्यांनी बटाटे तळले ते तुम्हाला दिसलं. आमच्याकडे त्या फोटोत काय दिसलं माहितीये? एक श्रीमंत माणूस जो आमच्यासारखं खातो आणि त्याची लाज बाळगत नाही.

फिलीकर | २२ ऑक्टोबर

सडेतोड, 'काही सुचत नाही' ही विकेट मान्य. मी सोफ्यावरून उठून टीव्हीला सांगत होतो, बाई, काहीतरी सांगा, पडद्यांचा रंग बदलला असता म्हणा.

पण मग तात्यांच्या योजनेचंही बोलू. ओबामाकेअर (आरोग्यविम्याचा कायदा) रद्द करून त्याहून झकास काहीतरी आणतो, हे ते नऊ वर्षं सांगतायत. १० सप्टेंबरला ताईंबरोबर टीव्हीवर झालेल्या वादात विचारलं, योजना आहे का? तर म्हणाले, 'कन्सेप्ट्स ऑफ अ प्लॅन' आहेत. योजनेच्या संकल्पना! नवरा विचारतो, जेवायला काय? बायको सांगते, आमटीच्या संकल्पना आहेत. परवा धाकटीनं गृहपाठाबद्दल हेच उत्तर दिलं. घरात संस्कार असे झिरपतात.

शेवग्याची शेंग | २२ ऑक्टोबर

त्याच वादातलं कुत्र्या-मांजरांचं कुणीच काढलं नाही? मी ओहायोत राहते, स्प्रिंगफील्डपासून तासाभरावर. म्हणून जरा हसणं बाजूला ठेवून लिहिते.

'स्प्रिंगफील्डमध्ये ते कुत्री खातायत, मांजरं खातायत' या तात्यांच्या वाक्यावर गाणी निघाली, लोक नाचले, मीही फॉरवर्ड केलं. पण ते गाव खरं आहे. तिथे हैतीहून आलेले काही हजार लोक आहेत, बहुतेक कायदेशीर संरक्षणावर आलेले, गोदामांत नि कारखान्यांत काम करणारे. गाव रिकामं होत चाललं होतं, हे आले, भाडी वाढली, दवाखान्यात रांगा लागल्या. तक्रारी खऱ्या होत्या. मांजर खोटं होतं. शहराच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं पुरावा नाही, गव्हर्नर डिवाइन यांनी सांगितलं पुरावा नाही, आणि डिवाइन तात्यांच्याच पक्षाचे. त्यानंतर बॉम्बच्या धमक्या सुरू झाल्या, एकामागून एक, तीसच्या वर. सगळ्या पोकळ निघाल्या, पण प्राथमिक शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. तात्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांना टीव्हीवर विचारलं तर म्हणाले, प्रसारमाध्यमांचं लक्ष वेधायला मला कहाण्या तयार कराव्या लागल्या तर मी करीन. त्याच राज्याचा सिनेटर! स्वतःच्या मतदारांबद्दल!

माझ्या ऑफिसातली एक हैतीयन मुलगी तो आठवडाभर डबा आणत नव्हती. कॅन्टीनचं सँडविच घ्यायची, सगळ्यांना दिसेल असं. मी तिला भाकरी-पिठलं नेऊन दिलं. काही बोललो नाही त्यावर.

खवचट पुणेकर | २२ ऑक्टोबर

शेंग, पॉपकॉर्न खाली ठेवले.

एडिसनची मावशी | २२ ऑक्टोबर

+१. मला तर ते गाणं पाठ झालं होतं. आता लाज वाटतेय.

फिलीकर | २३ ऑक्टोबर

शेंग, हे लिहिलंत ते बरं केलंत.

आता पुन्हा बाजाराकडे, कारण तिथे निव्वळ विनोद आहे. तात्यांची दुकानदारी बघितलीत का? सोनेरी बूट ३९९ डॉलर. बायबल ५९ डॉलर ९९ सेंट, पंच्याण्णव नाही, नव्व्याण्णव, बाटाची आठवण आली. घड्याळं लाख डॉलरपर्यंत. स्वतःच्या चित्रांचे डिजिटल पत्ते ९९ डॉलरला एक. पुरेसे घेतले तर वादात घातलेल्या सुटाचा तुकडा मिळतो. संतांच्या कफनीचा धागा मिळतो तसा, फक्त संत हयात आणि कफनी ड्रायक्लीन केलेली. आणि ती बायबलं? त्यातली बरीचशी छापली चीनमध्ये. ज्या चीनवर हे साठ टक्के जकात लावणार. देव स्वस्तात आणायचा आणि मग कर लावायचा!

दुसरीकडे इलॉनराव मस्क. आमच्या राज्यात तळ ठोकून बसलेत आणि रोज एकाला दहा लाख डॉलरचा चेक देतायत. अट काय, तर डळमळीत राज्यातला नोंदणी केलेला मतदार हवा आणि एका अर्जावर सही हवी. पहिला चेक १९ तारखेला हॅरिसबर्गला दिला. आपल्याकडे निदान साडी रात्री वाटतात, कॅमेरा बंद करून.

रांगेतला | २३ ऑक्टोबर

माझी सही चालत नाही. इथेही रांग.

मिशिगनवासी | २८ ऑक्टोबर

धागा वर काढतोय. काल रात्री न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तात्यांची सभा. सुरुवातीला एक विनोदवीर आला आणि पोर्तो रिकोला कचऱ्याचं तरंगतं बेट म्हणाला.

बेटावर राहणाऱ्या पोर्तो रिकनांना राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क नाही. पण तोच माणूस विमानानं फिलीकरांच्या राज्यात येऊन राहिला की त्याला मत आहे. आणि पेनसिल्व्हेनियात असे चार लाखांच्या वर पोर्तो रिकन आहेत. सभेत कुणीतरी हिशेब तपासायला हवा होता. आता संपलं. हे नऊ दिवस आधी असं काही करून बसतील असं वाटलं नव्हतं.

अवांतर: आमच्याकडे डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार आहेत, बेळगावचे. मराठी माणूस अमेरिकन काँग्रेसमध्ये (म्हणजे इथल्या संसदेत) आहे हे इथल्या अर्ध्या मराठी लोकांना ठाऊक नाही आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यांच्यावर टीका करायची असते. मंडळ कुठलंही असो, आपला माणूस असला की झालं.

फिलीकर | २८ ऑक्टोबर

मिशिगनवासी, मीही ऑफिसात पेढे सांगून ठेवलेत. इथली पोर्तो रिकन कोळीण (म्हणजे आमची सुपरमार्केटातली मासळीवाली हो) आज खवळली असणार असं वाटलं. विचारलं. म्हणाली, हो, फार वाईट बोलला. मग पापलेट तोलताना म्हणाली, पण माझा नवरा तरी त्यालाच देणार, बांधकामात काम नाही म्हणतो. मी पापलेट घेऊन आलो. पेढ्यांची ऑर्डर तशीच ठेवलीय.

सडेतोड | ३० ऑक्टोबर

आज कोण हसणार? बायडेन आप्पांनी काल तात्यांच्या मतदारांनाच कचरा म्हटलं!

एडिसनची मावशी | ३० ऑक्टोबर

म्हटलं नाही, म्हटल्यासारखं ऐकू आलं. व्हाइट हाउसनं लेखी प्रत काढलीय, त्यात 'समर्थकांना' नसून 'समर्थकाच्या वक्तव्याला' असा अर्थ होतो. एका अपॉस्ट्रॉफीचा प्रश्न आहे.

खवचट पुणेकर | ३० ऑक्टोबर

मावशी, 'ध' चा 'मा' आम्ही पुण्यात करून बसलोय. तेव्हाही लेखी प्रत होती. उपयोग झाला नाही.

फिलीकर | ३१ ऑक्टोबर

आणि तिकडे त्याच संध्याकाळी कमलाताई व्हाइट हाउससमोरच्या मैदानावर आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण करत होत्या. पाऊण लाख माणसं जमली होती म्हणतात. सकाळी त्या भाषणातली एक ओळ कुणाला आठवेना. सगळ्यांना अपॉस्ट्रॉफी पाठ. घरात मुंज, आणि आजोबांनी नेमकं त्याच वेळी न्हाणीघरात पडावं. त्यांचा दोष नाही, पण मुंज बोंबलली ना.

मग तात्या! काल ग्रीन बेला विमानातून उतरले ते थेट कचऱ्याच्या गाडीत. भगवं जॅकेट, गाडीवर स्वतःचं नाव. दार उघडताना पहिल्यांदा हात कडीवर न जाता हवेत गेला. आम्ही ती चार सेकंदांची फीत घरात अकरा वेळा बघितली. मुली लोळत होत्या.

समोरचे आजोबा आले तेव्हा आम्ही तेच बघत होतो. निवृत्त प्लंबर, अंगणात तात्यांची पाटी, आमच्या अंगणात ताईंची, मध्ये रस्ता. गेल्या जानेवारीत मी मुंबईला अडकलो होतो तेव्हा आमच्या दारातला बर्फ त्यांनीच आपल्या यंत्रानं उडवला होता, न सांगता. हॅलोविनच्या गोळ्या द्यायला आले होते. मी घाईघाईनं टीव्ही बंद केला. त्यांना दिसलंच. म्हणाले, 'माझे वडील तीस वर्षं कचऱ्याच्या गाडीवर होते. कडी खरंच अवघड असते.' आणि गेले.

मला हा किस्सा इथे कुठे बसवायचा ते कळत नाहीये. टाकतोय.

शेवग्याची शेंग | ३ नोव्हेंबर

आयोवा बघितलंत का!!! अ‍ॅन सेल्झर बाईंची मतचाचणी आली काल. कमलाताई आयोवात तीन टक्क्यांनी पुढे, ४७ विरुद्ध ४४! तात्यांच्या हक्काच्या आयोवात! आणि या बाई सहसा चुकत नाहीत.

मिशिगनवासी | ३ नोव्हेंबर

निकालाचं भाकीत सांगणारे लिक्टमन मास्तरही ताईच म्हणतायत. त्यांच्या तेरा किल्ल्या आहेत, त्यातल्या इतक्या लागल्या की अमुक आणि तितक्या लागल्या की तमुक.

माडाखालचा | ३ नोव्हेंबर

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात तेव्हा तुम्हीच अंधश्रद्धा म्हणता.

फिलीकर | ४ नोव्हेंबर

इलॉनरावांच्या चेकचा खटला आज इथेच फिलाडेल्फियात सुनावणीला होता. जिल्ह्याच्या सरकारी वकिलांचं म्हणणं, ही बेकायदा लॉटरी. इलॉनरावांच्या वकिलांचा बचाव वाचा आणि तोंडात बोट घाला: ही लॉटरीच नाही, कारण विजेते चिठ्ठ्या टाकून निघतच नाहीत, आम्हीच निवडतो! जज्जसाहेबांनी चालू ठेवायला परवानगी दिली. म्हणजे जुगार नाही हे सिद्ध करायला फसवणूक कबूल केली आणि सुटले. हा युक्तिवाद मी फ्रेम करून लावणार आहे.

बायको शनिवार-रविवार बक्स काउंटीत दारं ठोठावून आली, ४३ दारं. एकानं कुत्रा सोडला, एकीनं लिंबू सरबत दिलं. एका घरी देसी काका. बसा म्हणाले, चहा दिला, मुली काय करतात विचारलं, आणि मत? 'बेटा, हमने तो डाल दिया.' कुणाला ते नाही सांगितलं. बायको म्हणते चहात वेलची होती, म्हणजे आपलाच असणार. मी म्हटलं, वेलची दोन्ही पक्षांत चालते.

रांगेतला | ५ नोव्हेंबर

सकाळी शेजाऱ्याला मतदान केंद्रावर सोडून आलो. त्याची गाडी बंद होती. त्यानं 'मी मतदान केलं' हा स्टिकर मला दिला. छातीवर लावून ऑफिसला गेलो. कुणी काही विचारलं नाही.

सडेतोड | ६ नोव्हेंबर, पहाटे

झोपलात का रे सगळे?

सडेतोड | ६ नोव्हेंबर

चिडवणार नाही. बायकोनं शपथ घातलीय.

फिलीकर | १० नोव्हेंबर

चार दिवस इकडे आलो नाही.

सातही विंगा गेल्या. ३१२ विरुद्ध २२६. एकूण मतांतही तात्या पुढे. त्यांच्या पक्षाला हे २००४नंतर पहिल्यांदा जमलंय. आयोवा तात्यांनी तेरा टक्क्यांनी घेतलं, सेल्झर बाईंच्या तिनाच्या उलट्या बाजूला. टेक्ससमधल्या स्टार काउंटीत जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची आहे. १८९२पासून तिनं रिपब्लिकन उमेदवाराला कधी मत दिलं नव्हतं. यंदा दिलं. आणि आमच्या शेजारची बक्स काउंटी, जिथे बटाटे तळले, जिथे बायकोनं दारं ठोठावली, ती अगदी निसटती, पण तात्यांकडे झुकली. १९८८नंतर पहिल्यांदाच.

ताईंच्या प्रचारानं तीन महिन्यांत अब्ज डॉलरच्या वर जमवले होते. त्यातले पंचवीस माझे. अजूनही रोज निरोप येतो, 'मित्रा, आज रात्री बारापर्यंत तुझे सात डॉलर आले तर...' तर काय? निकाल फिरेल?

मी काल हा धागा पहिल्यापासून वाचला. माझी लांब पोस्ट मोजली: बटाटे, डुलणं, पत्रकं, विंगा. कमलाताईंनी घराच्या पहिल्या हप्त्यासाठी पंचवीस हजार डॉलरची मदत सुचवली होती. ते मला ठाऊक होतं आणि मी ते लिहिलं नाही, कारण त्यात विनोद नव्हता. ३९ मिनिटं ते डुलले आणि आठवडाभर मी तेच सांगत होतो, ऑफिसात, मंडळात, इथे. फुकट. पत्रकं छापायला त्यांना पैसे तरी पडले.

सडेतोड, तुमचं डिझेल मी त्या दिवशी विनोद करून उडवलं होतं. तात्यांबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही, पुढची चार वर्षं भीती वाटते ती वाटतेच. पण डिझेल मी उडवलं होतं.

सडेतोड | १० नोव्हेंबर

अहो, चालायचंच. आता भाव उतरले नाहीत तर मीच धागा काढतो. नाव तुम्ही सुचवा.

शेवग्याची शेंग | १० नोव्हेंबर

माझ्या ऑफिसातली ती मुलगी नोकरी सोडून बॉस्टनला चाललीय. तिकडे तिचा मामा आहे.

एडिसनची मावशी | ११ नोव्हेंबर

फिलीकर, जेवलात का नीट? नणंदेचा फोन आला होता. जिंकल्याचे पेढे पाठवतेय म्हणाली. मी म्हटलं पाठव, खव्याचे पाठव. खाल्ले. चांगले होते.

फिलीकर | ११ नोव्हेंबर

माझ्या ऑर्डरचे पेढे आले शेवटी, ऑफिसात 'दिवाळीचे' म्हणून वाटले.

एक व्यावहारिक प्रश्न. अंगणातली ताईंची पाटी काल काढली. पुठ्ठा कचऱ्यात गेला. पण खाली ती इंग्रजी एचसारखी तार असते ना, चांगली जाड आहे, टाकवत नाही. समोरच्या आजोबांनीही आपली पाटी काढली आणि त्यांची तार मला आणून दिली, तुझ्या बायकोच्या वेलांना होईल म्हणाले. आता दोन आहेत. कारल्याला पुरतील का?

माडाखालचा | ११ नोव्हेंबर

कारल्याला दोन कमी पडतील, वेल चढायला उंची लागते. एकावर एक उलटी घालून सुतळीनं बांधा. पडवळ लावणार असाल तर मांडवच घाला. बिया हव्यात का? पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा.